वाळू म्हणजे चाळणी नव्हे

प्रिय सुधीर,

तुझं पत्र पोचलं. गावच्या नळयोजनेच्या समितीत तुला घेतलं, फार बरं झालं. तू विचारलंयस, फिल्टरमधली वाळू म्हणजे मोठी चाळणीच ना? या एका प्रश्नासाठी आज जलशुद्धीकरण केंद्रावरच्या ड्युटीवरून आल्या आल्या लिहायला बसलोय.

चाळणी नाही रे. आमच्या वाळूचा कण साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. दोन कणांमधली फट जंतूच्या 40-50 पट तरी मोठी, त्यातून तो आरामात निसटेल. गाळ अडतो तो कणांना चिकटून, आणि चिकटावा म्हणून आधी तुरटी. पहिल्या पुराचं चहासारखं पाणी आलं की आम्ही काचेच्या भांड्यांत ढवळून तुरटीचा डोस ठरवतो. तो चुकला, तर 70 सेंटिमीटर वाळू असूनही खाली गढूळच उतरतं.

बाकी पाणी आपल्याच वजनाने खाली जातं. एका चौरस मीटरमधून तासाला 5000 लिटरच्या आसपास. वाळू गाळाने भरत गेली की पाणी अडखळतं. या अडथळ्यात खर्ची पडणारी पाण्याची उंची, म्हणजे हेडलॉस, दोन मीटरच्या घरात गेली की बेड, म्हणजे हा वाळूचा थर, धुवायचा. आधी खालून हवा सोडतात. अख्खी वाळू आमटीला उकळी फुटावी तशी खदखदते. मग खालून उलटं पाणी. सुरुवातीला तपकिरी, मग मळकट, मग हळूहळू निवळ.

मी आधी होतो त्या केंद्रावर पाणी वाचवायला म्हणून दहा मिनिटांचं धुणं चारवर आणलं. मीही गप्प बसलो. वर्षभराने बेड उपसला, तर वाळूत लिंबाएवढे चिखलाचे गोळे. एक हाताने फोडला. आत काळाकुट्ट गाळ आणि कुजका वास. हेच पाणी आम्ही लोकांच्या घरी धाडत होतो. सगळी वाळू बदलावी लागली.

1892 साली जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर एल्बे नदीचं पाणी न गाळता पीत होतं. पटकीने (कॉलऱ्याने) तिथे 8000 हून जास्त माणसं गेली. शेजारचं आल्टोना त्याच नदीच्या खालच्या अंगाला, हॅम्बुर्गची घाण पोटात घेतलेलं पाणी उचलणारं. पण ते वाळूतून गाळत होतं, आणि बरंचसं बचावलं. हे वाचल्यापासून मी बेड धुताना घड्याळ बघत नाही, पाणी बघतो.

ठेकेदार नकाशा घेऊन येईल तेव्हा एवढं विचारच: धुतल्यानंतर वाळूतून उतरणारं पहिलं पाणी कुठे सोडणार? ते टाकीत जाता कामा नये. त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह नकाशात दिसला पाहिजे. नसेल तर सही करू नकोस, मला फोन कर. रविवारी सुट्टी आहे, येऊन जाईन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास