चाचणी मुलाच्या भाषेत घ्या : सीमाभागातील डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
शालेय शिक्षण व साक्षरता खाते,
कर्नाटक राज्य, बेंगळूरु.

विषय : बेळगाव जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतून व्हावी आणि त्यांना कायद्यातील भाषाविषयक सूट मिळावी, याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते. माझा मुलगा सरकारी मराठी शाळेत सातवीत आहे आणि त्याला डिस्लेक्सिया आहे. या पत्राची कन्नड प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीतून ते सर्वांसमोर मांडते आहे, कारण खानापूर, बेळगाव आणि निपाणी भागातील ज्या पालकांच्या घरी हाच प्रश्न आहे त्यांनी आणि त्यांच्या मुलांच्या गुरुजी-बाईंनी ते वाचावे अशी इच्छा आहे. बेळगावातून मराठीत पत्र आले की ते सीमाप्रश्नाचे असणार असे धरले जाते, म्हणून आधीच स्पष्ट करते की तो वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि या पत्राचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची बुद्धी कमी नसते, नजर अधू नसते आणि ते मूल आळशीही नसते. बोललेल्या शब्दातील ध्वनी सुटे करून ते लिहिलेल्या अक्षरांशी जोडण्याचे काम त्याला इतरांपेक्षा फार जड जाते, एवढाच त्याचा अर्थ. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशा एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत तिच्यात नोंदवलेले आहे. सव्वाशे वर्षांनंतर माझ्या मुलाच्या वर्गशिक्षकांनी जवळजवळ हेच मला सांगितले, आणि त्यांनी मॉर्गन यांचे नावही ऐकलेले नव्हते. भाताच्या किती पोत्यांना काय दराने किती रुपये होतील हे तो तोंडी सांगतो. तेच उदाहरण कागदावर आले की प्रश्नाची दुसरी ओळ वाचून होईपर्यंत पहिली त्याच्या मनातून निसटलेली असते. डिस्लेक्सिया बऱ्याचदा आनुवंशिक असतो. माझे सासरे चौथीतून शाळा सोडून आले आणि पुढे आयुष्यभर सोसायटीचे सगळे हिशेब त्यांनी डोक्यात ठेवले, तेव्हा त्यांना ‘अभ्यासात मन नाही’ एवढेच म्हटले गेले होते.

इंग्रजीत डिस्लेक्सिया पटकन दिसतो, कारण तिथे स्पेलिंगच्या चुका डोळ्यांत भरतात. जिथे लिहिल्याप्रमाणे वाचता येते अशा भाषांमध्ये तो चुकांपेक्षा संथपणात जास्त दिसतो. माझा मुलगा तिसरीत होता तेव्हा धड्यातील बहुतेक शब्द बरोबर वाचत असे, पण प्रत्येक शब्द फोडत, दम लागल्यासारखा. ‘कि’मधली वेलांटी कागदावर आधी येते आणि तोंडातून नंतर, रफाराचा ‘र’ उच्चारात आधी येतो आणि लिहिताना सर्वांत शेवटी, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. साधारण मुलाला हे वर्षा-दोन वर्षांत अंगवळणी पडते आणि या मुलांना सातवीतही थांबून आठवावे लागते. बरोबर वाचणारे पण अतिशय हळू वाचणारे मूल आपल्या शाळांमध्ये ‘जरा मंद आहे’ या शेऱ्याखाली वर्षानुवर्षे झाकले जाते.

आमच्या भागात त्यावर आणखी एक झाकण बसते. मराठी शाळेतले मूल प्राथमिक वर्गांतच देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांना सामोरे जाते. कन्नड लिपी देवनागरीप्रमाणेच अक्षरांची आहे, पण तिच्यात जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लिहितात, आणि मराठीत नसलेला ‘ए’ व ‘ओ’ यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद तिथे लिहावा लागतो. कन्नड मातृभाषा असलेल्या मुलांनाही ही अक्षरे पुरती हस्तगत करायला चौथीपर्यंतचा काळ लागतो, हे सोनाली नाग यांनी कन्नड वाचन शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले आहे. मग मराठी मूल कन्नड वाचताना अडखळले तर ‘घरात कन्नड नाही, म्हणून’ असे म्हणणे सोपे जाते. इंग्रजीत अडखळले तर ‘खेड्यातले आहे, म्हणून’. तिन्ही भाषांमध्ये एकाच कारणाने अडखळणारे मूल यातून कोणालाच दिसत नाही. पालकही मग माध्यम बदलतात. मूल मागे पडते हा मराठी शाळेचा दोष समजून त्याला इंग्रजी माध्यमात घालतात, म्हणजे स्पेलिंगच्या दृष्टीने सर्वांत अवघड भाषेच्या हवाली करतात, आणि एक-दोन वर्षांत ते मूल शाळेच्या नावानेच आजारी पडू लागते. अशी दोन मुले माझ्या ओळखीत आहेत.

आता चाचणीविषयी, ज्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे. डिस्लेक्सियाचे निदान करताना आधी कान आणि डोळे तपासतात, मग बुद्ध्यंक काढतात आणि त्यानंतर वाचन-लेखनाच्या चाचण्या घेतात. बुद्ध्यंकाच्या चाचणीत शब्दांचे अर्थ, सामान्य माहिती, दोन गोष्टींतील साम्य असे तोंडी भाग असतात आणि ते अर्थातच कोणत्या तरी भाषेत विचारले जातात. माझ्या मुलाची पहिली चाचणी ज्या ठिकाणी झाली तिथे कन्नड आणि इंग्रजी एवढेच पर्याय होते. चाचणी घेणाऱ्या बाई मनमिळाऊ होत्या, पण त्यांना मराठी येत नव्हते. त्या कन्नडमधून विचारत आणि तिथली एक मदतनीस तिला जमेल तसे मराठीत सांगत असे. बुद्ध्यंक सरासरीपेक्षा कमी असल्याचा अहवाल आला. त्यामुळे वाचनाची चाचणी झालीच नाही, कारण मूल एकूणच मागे आहे असे ठरल्यावर डिस्लेक्सिया शोधण्याचे कारणच उरत नाही. पुढे कोल्हापुरातील एका मानसशास्त्रज्ञांकडे त्याची तीच तपासणी मराठीतून झाली, तेव्हा बुद्ध्यंक सरासरीहून किंचित वर आला आणि डिस्लेक्सियाचे स्पष्ट निदान झाले. मूल तेच होते आणि मधल्या काळात त्याला कोणी हुशार केले नव्हते. शाळेने मात्र तो अहवाल फाइलला लावून ठेवला, कारण सवलतींसाठी अधिकृत वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते. नियम म्हणून ते मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच की जिथे प्रमाणपत्र मिळते तिथे माझ्या मुलाच्या भाषेत तपासणी होत नाही, आणि जिथे त्याच्या भाषेत होते तिथले प्रमाणपत्र चालत नाही.

मराठीतून चाचणीची साधने नाहीत, असे उत्तर कोणी देऊ नये. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ या नावाचा डिस्लेक्सिया तपासणी संच तयार केला असून तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांमध्ये आहे. शिक्षकांनी वर्गात वापरायची पहिली-दुसरीसाठीची आणि तिसरी ते पाचवीसाठीची प्राथमिक पाहणी त्यात आहे, आणि मानसशास्त्रज्ञांनी वापरायचा सविस्तर संचही आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या शाळांच्या तिन्ही भाषा एका संचात मिळणे हा योगायोग असेल, पण त्याचा उपयोग करून घेण्यास योगायोगाची वाट पाहावी लागू नये.

कायदाही आमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) समावेश एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत झाला. त्याच्या सोळाव्या कलमाने अशी मुले लवकरात लवकर ओळखण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर टाकले आहे आणि सतराव्या कलमाने शाळकरी मुलांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांनी करण्यास सांगितले आहे. केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही पाहणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी करायला सांगितली होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांमध्ये दरवर्षी येणे अपेक्षित असते. त्यांनी तपासायच्या तीस दोषांच्या यादीत अध्ययनातील अडचणीही आहेत. आमच्या शाळेत पथक आले की दात, डोळे, वजन आणि हिमोग्लोबिन यांवर दिवस संपतो. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, कारण एका दिवसात एवढ्या मुलांना तपासताना कोणाचे वाचन ऐकत बसायला त्यांना सवड कुठून मिळणार? ते काम वर्गशिक्षकांचे आहे आणि ते कसे करायचे हे त्यांना शिकवणे आपल्या खात्याचे.

आता नाजूक मुद्द्याकडे येते. त्याच सतराव्या कलमात परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक (मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणारा) यांच्याबरोबर दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचीही तरतूद आहे. दुसरीकडे आपल्या राज्याच्या २०१५ च्या कायद्याने सर्व शाळांत कन्नड शिकणे सक्तीचे आहे. बेळगावात एखाद्या मराठी आईने कन्नडमधून सूट मागितली की तिच्याकडे कशा नजरेने पाहिले जाते, हे मी आपल्याला सांगायला नको. मुख्याध्यापक अर्ज पुढे पाठवायला कचरतात, आणि काही पालक तर ‘उगीच नाव नको’ म्हणून अर्जच करत नाहीत.

मला स्वतःला माझ्या मुलाचे कन्नड सुटायला नको आहे. त्याला याच राज्यात राहायचे आहे. नंदगडच्या बाजारात तो कन्नडमधून घासाघीस करतो, आमच्या बसच्या कंडक्टरशी त्याची मैत्री कन्नडमधूनच आहे, आणि उद्या तहसील कचेरीत किंवा बँकेत त्याचे काम या भाषेवाचून अडेल. त्याला पेलत नाही ते तिसऱ्या लिपीतले निबंध, व्याकरण आणि पाठांतरावरचे तीन तासांचे पेपर. म्हणून माझी मागणी सरसकट सूट मागणाऱ्यांपेक्षा वेगळी आहे : अशा मुलांना कन्नड आणि इंग्रजी ऐकायला-बोलायला शिकवावे, त्यांची परीक्षा तोंडी घ्यावी आणि लेखी परीक्षा एकाच भाषेची, म्हणजे ज्या माध्यमात मूल शिकते तिची ठेवावी. संपूर्ण सूट हवी असलेल्यांना कायद्याप्रमाणे ती मिळालीच पाहिजे. पण मधली ही वाट उपलब्ध असेल तर बरेच पालक तीच धरतील आणि सीमाभागात कोणाच्या भावनेला धक्काही लागणार नाही.

लेखनिक आणि वाढीव वेळ यांच्याबाबत दिव्यांगत्व किमान चाळीस टक्के असण्याची अट पुढे केली जाते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात लेखनिकाची सोय त्या टक्केवारीखालच्या उमेदवारांना नाकारता येणार नाही असा निर्णय दिला आहे. शाळांपर्यंत तो पोहोचलेला नाही, तो परिपत्रकाने कळवावा.

घरी आम्ही जे करतो ते फार खर्चाचे नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. परातीत तांदळाचे पीठ पसरून त्यात बोटाने अक्षर गिरवत त्याचा उच्चार मोठ्याने करायचा; जोडाक्षर आधी टाळ्या वाजवून फोडायचे आणि मगच लिहायचे; वाचताना ओळीखाली पट्टी धरायची; इतिहास आणि विज्ञान मी वाचून दाखवायचे आणि त्याने तोंडी उत्तर द्यायचे. रोज थोडा वेळ, आणि तो रडकुंडीला येण्याआधी थांबायचे. ज्या घरात आई-वडील दोघेही दिवसभर शेतात राबतात किंवा स्वतः वाचू शकत नाहीत, तिथे हे कोणी करावे? त्यांच्यासाठी एक सोपी सोय आपल्या हातात आहे. राज्याची मराठी पाठ्यपुस्तके आपलेच खाते छापते; त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये उपलब्ध करून दिला, तर घरातला साधा मोबाइल तो धडा वाचून दाखवील.

बेळगाव आणि चिक्कोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांत मराठी जाणणारा किमान एक प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ नेमावा आणि बेळगावच्या सरकारी वैद्यकीय रुग्णालयात ठरावीक वारी मराठीतून तपासणी व्हावी. खानापूर, बेळगाव आणि निपाणी तालुक्यांतील मराठी शाळांच्या तिसरीच्या वर्गशिक्षकांना मराठी पाहणीसंचाचे प्रशिक्षण द्यावे. समावेशक शिक्षणासाठी तालुक्याला जे साधनशिक्षक असतात त्यांच्यात मराठी वाचता येणारे कोणी असावे, ही अपेक्षा अवाजवी वाटू नये; राज्यघटनेच्या ३५० ‘अ’ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे, आणि मूल का शिकू शकत नाही याचा शोध घेणे हा त्या शिक्षणाचाच भाग आहे, असे मी मानते.

सुवर्ण विधानसौधमधील अधिवेशनासाठी आपण डिसेंबरात बेळगावला याल, तेव्हा जिल्हा शिक्षणाधिकारी, रुग्णालयाचे प्रतिनिधी आणि काही पालक यांची या एकाच विषयावर तासाभराची बैठक घ्यावी, ही विनंती आहे. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच आहे. जूनमध्ये माझा मुलगा आठवीसाठी दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाईल, जिथे त्याला ओळखणारे गुरुजी नसतील आणि दहावीच्या परीक्षेची तयारी पहिल्याच दिवसापासून सुरू होईल. त्याचे प्रमाणपत्र आणि भाषेच्या तोंडी परीक्षेचा आदेश त्याआधी हाती यावा, इतक्या वेळेत आपण निर्णय घ्यावा.

कळावे,

आपली विश्वासू,
सातवीतील एका विद्यार्थ्याची आई,
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव.