स्वतःचा चेहरा रेखाटण्याचा तास

महोदय,

माझ्या मुलीच्या शाळेत आठवीच्या वर्गाला स्वतःचेच चित्र तीन निरनिराळ्या शैलींत काढायला सांगितले, तेव्हा काही पालकांनी हा वेळेचा अपव्यय असल्याची तक्रार केली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मॉडेलसाठी पैसे नसल्याने डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८६ ते १८८९ या काळात आरशात पाहून स्वतःची ३५हून अधिक चित्रे रंगवली, आणि ठिपक्यांपासून वळणदार फटकाऱ्यांपर्यंत त्याचा हात कसा बदलत गेला हे त्यांत दिसते.

मुलीने एक चेहरा वारलीच्या त्रिकोण-वर्तुळांत बसवला. दुसरा तिला आजोबांमुळे सुचला: ते जेकार्ड मागावर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरी विणत, आणि चादरीची नक्षी जशी आधी चौकटींच्या कागदावर उतरवतात, तसेच तिने हनुवटी, वेणी, चष्मा सारे चौकोन भरून साकारले. गोलाई पायऱ्यापायऱ्यांनी कशी येते, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. ठिपक्यांचे तिसरे चित्र अजून अपुरे आहे.

चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा जन्म १९१५ साली आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूरचा. शाळांनी चित्रकलेचा तास परीक्षेच्या दिवसांत गणिताला देऊ नये आणि मुलांची अशी चित्रे शहरातील एखाद्या सभागृहात मांडावीत, ही कळकळीची विनंती.

एक पालक, सोलापूर