राउटर गुण्यात नाही? आधी कर्ण मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने फिरत्या कटरने फळ्या कापणाऱ्या यंत्रावर, कापलेले भाग काटकोनात येत नाहीत, अशी तक्रार घेऊन जे माझ्याकडे येतात ते बहुतेक संगणकातले आकडे बदलून बदलून दमलेले असतात. यंत्रांची जोडणी आणि दुरुस्ती हाच माझा धंदा, म्हणून चार शब्द लिहितो.

विकणाऱ्याने फोनवर सांगितलेले असते, 'सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅडजस्ट करून घ्या.' म्हणजे दर मिलिमीटरला मोटरने किती स्टेप टाकायच्या तो आकडा. ८०० ची बाजू ७९८ भरत असेल तर तिथे जरूर हात घालावा. पण तो आकडा लांबीचा आहे. गॅन्ट्री, म्हणजे कटर वाहून नेणारा, दोन रुळांवर सरकणारा आडवा पूल, तिरकी बसली असेल तर ती त्याने तसूभरही हलणार नाही.

कापलेल्या तुकड्याला गुण्या (काटकोन तपासायचे हत्यार) लावण्याचाही मोह होतो. कटर दाबाने वाकतो, माल क्लॅम्पखाली सरकतो, त्यामुळे तुकडा यंत्राबद्दल धड साक्ष देत नाही. शिवाय गुण्या तरी खरा आहे का? फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ मारा, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. रेघा फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्याची.

म्हणून मी टोकदार कटर लावतो आणि बेडवर (यंत्राच्या टेबलावर) बांधलेल्या फळीवर ८०० बाय ६०० मि.मी. चौकटीच्या चार कोपऱ्यांवर चार टिंबे पाडतो. कापण्याचा जोर नाही, त्यामुळे यंत्र जसे आहे तसे दिसते. मग दोन्ही कर्ण मोजायचे. टेपच्या टोकाची पट्टी थोडी हलती असते, तेव्हा १०० च्या खुणेपासून मोजावे. हिशेबाने कर्ण १००० यायला हवेत, पण दोन्ही ९९९ आले तरी काटकोन ठीक आहे. फरक १.६ मि.मी. आला तर ६०० लांबीत १ मि.मी. तिरकेपणा आहे. गॅन्ट्रीच्या दोन रुळांत १२०० मि.मी. अंतर असेल, तर तिची एक बाजू २ मि.मी. सरकवायची. हे गणित शाळेतलेच आहे. अंदाजाने ठोकाठोकी करण्यापेक्षा ते कागदावर करावे.

हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. दर वेळी तोच फरक येत असेल तर जुळवणी चुकलेली आहे. फरक बदलत असेल तर काहीतरी ढिले आहे: पिनियनचा (मोटरच्या छोट्या दातेरी चाकाचा) ग्रब स्क्रू, मोटरचा दांडा जोडणारे कपलिंग किंवा बेल्ट. ते आवळल्याशिवाय जुळवणीला हात लावणे म्हणजे श्रम वाया.

गॅन्ट्रीला दोन्ही बाजूंना मोटर असेल तर आणखी एक भानगड. वीज गेली की मोटरींची पकड सुटते, गॅन्ट्री मनासारखी तिरपी होते आणि वीज आली की तशीच जखडते. दोन्ही बाजूंना वेगळे होमिंग स्विच (यंत्राला सुरुवातीची जागा दाखवणारे) असतील तर एक स्विच हव्या त्या अंतराने सरकवला की काम झाले. एकच स्विच असेल तर वीज चालू करण्यापूर्वी गॅन्ट्री रुळांच्या टोकाच्या दोन्ही ठोकरांना टेकवून घ्यावी.

स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) कलणे हा मात्र अगदी वेगळा आजार, आणि लोक दोन्हींची सरमिसळ करतात. मोठ्या कटरने फळी सपाट करताना बोटाला पायऱ्या लागल्या तर दोष स्पिंडलचा. कटर पुढे-मागे चालवताना पायऱ्या आल्या तर तो डावी-उजवीकडे कलला आहे. आडवा चालवताना आल्या तर पुढे-मागे. स्पिंडलला डायल गेज (बारीक उंचसखलपणा काट्यावर दाखवणारे उपकरण) बांधून २०० मि.मी. व्यासाचे वर्तुळ फिरवा. समोरासमोरच्या वाचनात ०.२ मि.मी. फरक असेल तर २५ मि.मी. कटर ०.०२५ ची पायरी सोडणार. तिथे पातळ पत्र्याची शिम घालावी लागते. बेड कितीही घासला तरी स्पिंडल सरळ होत नाही. बेड घासणे हे सगळ्यात शेवटचे काम.

हे सारे शिकायला फार वेळ लागत नाही. तरीही प्रशिक्षणवर्गांत दिवसच्या दिवस पडद्यावर चित्रे काढण्यात जातात आणि डायल गेज कपाटात राहतो, याची मला चीड येते.

विक्रेत्यांकडे मागणी एकच: कर्णांतला फरक आणि डायलचे वाचन यंत्राबरोबर लिहून द्यावे. तेही ग्राहकाच्या जागेवर, जोडणी झाल्यावर घेतलेले. वाहतुकीत आणि असमान फरशीवर बोल्ट आवळताना सांगाडा पिळतो, त्यामुळे कारखान्यात घेतलेला आकडा तिथे धरता येत नाही.

आपला,
एक जोडारी