डॉक्टरताई, भुरी आणि मनीच्या घरून तुमचे आभार

आदरणीय डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात येऊन आभार मानले असते, तर तुम्ही नेहमीसारखं "बरं बरं, पुढच्याला आत येऊ द्या" म्हणून मला वाटेला लावलं असतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्याकडे येणाऱ्यांनी तर हे वाचावंच, पण कुत्र्या-मांजराला डॉक्टरकडे न्यायचं असतं हे ज्यांच्या अजून मनातही येत नाही, त्यांनीही वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आमची कुत्री भुरी आता चांगली आहे. भाकरी खाते, दूधवाल्याच्या मोटारसायकलमागे गल्लीच्या टोकापर्यंत पळते, आणि हिरड्या गुलाबी आहेत. हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिलं तेच विचाराल.

त्या हिरड्यांमुळेच ती वाचली. जंताचं औषध घ्यायला आलो होतो, तेव्हा तुम्ही भुरीला टेबलावर घेतलंत, तिचा ओठ वर केलात आणि माझ्या मुलाला जवळ बोलावलंत. हिरडीवर बोट दाबायला लावलंत. दाबलेली जागा पांढरी पडली आणि बोट काढताच पुन्हा गुलाबी झाली. "दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. आठवड्यातून एकदा बघत जा, आणि फिकी दिसली तर उद्यावर ढकलू नको," एवढंच म्हणालात. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती, एक शेळी ओरडत होती, तरी तुम्ही त्या पोराला घाई केली नाही.

पुढे भादव्यात, पावसानं उघडीप दिली तेव्हा भुरी जराशी मंद झाली. खात होती, शेपूट हलवत होती. आम्हा मोठ्या माणसांना त्यात वेगळं काही दिसलं नाही. मुलानं सवयीनं ओठ उचलला आणि ओरडला, "आई, पांढरी!" त्याच दुपारी आम्ही तुमच्या दारात होतो. कुत्र्याचं अंग एरवीही आपल्यापेक्षा गरम, साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, तेव्हा हात लावून ताप ठरवायचा नाही, हे तुम्ही थर्मामीटर लावता लावता सांगितलंत. भुरीचा ताप 104 च्या वर होता. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तुम्ही स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलात, मग स्टूल ओढून मुलालाही पाहू दिलात. "डेंग्यूत माणसाच्या प्लेटलेट उतरतात ना, तशा हिच्या उतरल्यात. गोचिडांमुळे." आम्हाला सगळं त्या एका वाक्यात कळलं.

औषध डॉक्सिसायक्लिन, 28 दिवस, पोटात काही असतानाच. चार-पाच दिवसांत ती उड्या मारायला लागेल आणि त्याच वेळी बरेच जण गोळ्या बंद करतात, मग आजार आत दबून राहतो आणि पुढे उलटतो, हे तुम्ही आधीच बजावलंत. झालंही तसंच. आठवड्याच्या आत भुरी गेटवर चढत होती आणि शेजारी म्हणत होते, आता कशाला गोळ्या? तुमची चिठ्ठी देवघराशेजारी भिंतीला लावलेली होती. पोरानं रोज तिच्यावर फुली मारली आणि गोळ्या शेवटपर्यंत दिल्या.

पण ताई, मला जास्त अप्रूप वाटलं ते तुमच्या पुढच्या प्रश्नाचं. "घर कसं आहे तुमचं?" असं कोणता डॉक्टर विचारतो? आमचं घर जुनं, धाब्याचं. मातीच्या भिंती, सागाचे खांब, जागोजागी फटी. तुम्ही म्हणालात, गोचिडाची मादी रक्त पिऊन फुगली की अंगावरून गळून पडते आणि अशाच फटींमध्ये हजारो अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त घरात असतात. मग काय करायचं तेही आमच्या घराला धरूनच सांगितलंत. फटी शेणामातीनं लिंपून बुजवा, भुरीचं गोणपाट दर आठवड्याला कडक उन्हात टाका, ओट्याचे कोपरे झाडून तो केर जाळा. अंगावरचा गोचीड चिमट्यानं कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. रॉकेल नको, अगरबत्तीचा चटका नको, बोटानं चिरडणं नको.

आणि गोठ्यातलं औषध तर अजिबात नको. हे तुम्ही इतक्या जोरात म्हणालात की बाहेर बसलेल्यांनीही ऐकलं. आपल्याकडे ढोरांच्या गोचिडांवरचं औषध घरात असतंच. बादलीत राहिलेलं तेच कुत्र्यालाही लावून टाकायचं, अशी रीत गावोगाव आहे. ढोराच्या अंदाजानं कालवलेलं ते औषध कुत्रं चाटून पोटात घेतं. कुत्र्याच्या गोचिडांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराचा तर जीव जातो. आमच्या घरात कुत्री आणि मांजर एकाच ओट्यावर झोपतात. तुम्ही तेही विचारून घेतलंत आणि औषध त्या हिशोबानं दिलंत.

आता मनीबद्दल. हे लिहायला मला सगळ्यात जास्त आवडतंय.

माझ्या सासूबाई माळकरी आहेत. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मनी दूध-पोळीवर वाढत होती आणि अंगाला काही लागत नव्हतं, केस निस्तेज झाले होते. तुम्ही तिला तपासलंत आणि मग सासूबाईंशेजारी बाकावर येऊन बसलात. खुर्चीतून सांगितलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "कसं शे आते गुडघानं?" असं आधी त्यांनाच आमच्या अहिराणीत विचारलंत, गुडघा आता कसा आहे म्हणून. मग सांगितलंत की कुत्रं भाकरी पचवतं, ज्वारीची भाकरी आणि ताक त्याला चालतं, वर थोडी प्रथिनांची सोय केली की झालं. मांजराचं शरीर तसं नाही. त्याला टॉरिन नावाचा एक घटक खाण्यातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो मिळाला नाही तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय कमजोर होतं. दुधानं तर बऱ्याच मोठ्या मांजरांचं पोट बिघडतं.

सासूबाई गप्प झाल्या. मला वाटलं, आता मनीला सोडून या म्हणतील. तुम्ही म्हणालात, "आजी, तुमची माळ तुमची. मनीला देवानंच तशी घडवली, तिचा धर्म तिचा." आणि लगेच वाट काढून दिलीत. मांजरांच्या तयार खाण्याचं पाकीट आणा, पण पूर्ण आहार असं छापलेलंच. ते घरात ठेवूच नका. बाहेरच्या ओट्यावर डब्यात राहू द्या, नातवानं वाढावं, तिची वाटी वेगळी, धुवायची जागा वेगळी. सासूबाईंनी मान डोलावली. आज सकाळी त्याच नातवाला विचारत होत्या, "मनीले वाढं का?" आणि मनी आता अशी चकाकते की शेजारीण विचारते, तेल लावता का हिला?

पुस्तकातले आणि मोबाइलवरचे सल्ले मीही वाचते. ते एसीच्या बंद फ्लॅटमधल्या प्राण्यांसाठी लिहिलेले असतात. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, आणि पत्र्याच्या घरात दुपारी भट्टी पेटते. तुमच्या दाराशी मराठीत लिहिलेला कागद आहे, तो मी आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला. फिरायला सूर्य उगवायच्या आत किंवा अंधार पडल्यावर. डांबरावर हाताची पालथी बाजू टेकवा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसवणार नाही. पाणी मातीच्या कुंड्यात, सावलीत. आणि कुत्रं धापा टाकत कोसळलं तर बर्फाच्या पाण्यात घालायचं नाही. साध्या पाण्यानं पोट, काखा, पंजे भिजवायचे, कूलरसमोर धरायचं आणि तसंच ओल्या अंगानं दवाखाना गाठायचा.

त्याच कागदावर खाली खाण्याचं लिहिलं आहे, तेही आपल्या ताटाला धरून. शेवभाजीचा रस्सा नको, भरीत नको. त्यातला कांदा, कांद्याची पात आणि लसूण कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्यानंही तो गुण जात नाही. मनुके नकोत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस झाला की कोयी उघड्या उकिरड्यावर टाकू नका, कुत्र्यानं गिळलेली कोय आतड्यात अडकते आणि पोट फाडावं लागतं. माणसाची तापाची गोळी तर मांजराला कधीच नाही, पॅरासिटामोलची एक गोळीसुद्धा तिचा जीव घ्यायला पुरते. हे सगळं शहरातल्या एखाद्या जाड पुस्तकातही असेल, पण भरीत आणि आखाजी त्यात नसणार.

भुरीचं ऑपरेशन केलंत तेव्हा अर्धी गल्ली म्हणत होती, एकदा तरी पिल्लं होऊ द्यायची होती. तुम्ही समजावलंत की त्याची काही गरज नसते, उलट न केल्यास उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. तो विषय तिथेच मिटला.

2022 च्या ऑगस्टात आपल्या जळगाव जिल्ह्यात लम्पी आला, ते दिवसही मी विसरलेले नाही. त्या साथीची राज्यातली सुरुवात आपल्याकडूनच झाली होती, रावेर तालुक्यातून. लोक ढोरांच्या अंगावरच्या गाठी बघून हादरले होते, कोणी दूध ओतून देत होतं. तुमचा दवाखाना तसा कुत्र्या-मांजरांचा, तरी तुम्ही प्रत्येकाला थांबवून सांगत होतात की हा आजार माणसाला होत नाही, दूध उकळून प्या, आजारी ढोर वेगळं बांधा, माश्या-गोचीड आवरा, आणि सरकारी दवाखान्यातून शेळ्यांच्या देवीची लस टोचून घ्या, ती लम्पीवर उपयोगी पडते. आमच्या चुलत सासऱ्यांची बैलजोडी त्या साथीत टिकली. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

कंपाउंडर भाऊंचेही आभार. बिथरलेल्या जनावराला ते कधी ओढत नाहीत. खाली बसतात, नजर दुसरीकडे ठेवतात आणि ते आपणहून जवळ येईपर्यंत थांबतात. माझा मुलगा त्यांचं बघून बघून तसंच करायला शिकला आहे.

आता एक मागणंही आहे. शाळेतल्या पोरांना तुम्ही रेबीजबद्दल सांगितलं होतं: कुत्रं चावलं की आधी साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही, आणि सरळ सरकारी दवाखाना, तिथे लस फुकट मिळते. त्या दिवसापासून आमच्या गल्लीतली पोरं एका वहीत गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांची नोंद करत आहेत. कोणतं कुठे झोपतं, कोणाच्या हातून खातं, कोणाला हात लावू देतं. सगळ्यांना रेबीजची लस द्यायची, आणि दर वर्षी द्यायची, असं त्यांनी ठरवलं आहे. लसीचे पैसे गल्लीतून जमले आहेत, शेजारच्या काकांनी टेम्पो देतो म्हणून सांगितलंय. दिवस तेवढा तुम्ही कळवा. रविवार असला तर बरं, पोरांची शाळा बुडणार नाही. चहा-नाश्ता आमच्याकडे, आणि सासूबाईंनी खास निरोप दिला आहे की डॉक्टरताईंना कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ल्याशिवाय सोडायचं नाही.

तुमची,
भुरी आणि मनीच्या घरची मोठी सून