‘तुमच्याकडचं सगळ्यात हळू लावा’

दादा, नमस्कार.

हे पत्र तुमच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात आणून दिलं असतं, तर ‘ठेवा की ताई तिथं’ म्हणून तुम्ही ते सीट कव्हरच्या गठ्ठ्यावर टाकलं असतंत आणि पुढच्या गाडीला हात घातला असतात. तोंडावर कौतुक केलेलं तुम्हाला सोसत नाही, हे बघितलंय मी. म्हणून चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, दुकानाचंही नाही. मिरजेत ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. आमच्या घरी शास्त्रीय गाण्याचा मोठा साठा आहे. वडिलांनी जमवलेल्या सीडी, कॅसेटी, घरगुती बैठकींची रेकॉर्डिंग, जुन्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेलं बरंच काही. माझ्या भावाने सवडीसवडीने हे सगळं कॉम्प्युटरवर घेतलं आणि फ्लॅक नावाच्या प्रकारात ठेवलं. २००१ पासून असलेला हा प्रकार फुकट आहे, आणि त्यात आवाजातलं काही गाळलं जात नाही. सीडीवरचं गाणं साधारण निम्म्या जागेत मावतं आणि वाजवताना जसंच्या तसं उलगडतं. घरी झकास चालतं. अडलं ते गाडीत. आईच्या डोळ्यांच्या उपचारासाठी आम्हाला पुण्याला जावं लागतं. गाडी मी चालवते, आई शेजारी. रस्ता पाच तासांचा. डोळ्यांत औषध घातलेलं, वाचायची सोय नाही, खिडकीबाहेर बघावं तर उन्हाने पाणी येतं. तिला गाणं पाहिजे. आणि तिचं गाणं गाडीच्या डेकला वाचता येत नव्हतं.

आता एवढ्याशा गोष्टीसाठी मी कोणाकोणाचे उंबरे झिजवले ते तुम्हाला थोडं ठाऊक आहे, सगळं नाही. गाडी जिथून घेतली तिथल्या मुलाने ‘मॅडम, ब्लूटूथ आहे की’ म्हणून विषय मिटवला. मी म्हटलं, बाबा रे, ब्लूटूथवर फोन लावला की भर मारवा रागात ‘कर्ज हवंय का’ म्हणून कोणीतरी विचारतं. (अख्खी नोकरी बँकेत केली, तरी मलाच विचारतात.) त्यावर तो म्हणाला, ‘साहेबांना पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो.’ आमच्या घरात साहेब कोणी नाही. गाडीही माझ्या नावावर आहे, आणि हे त्याच्या समोरच्या कागदावर लिहिलेलं होतं.

भाच्याने मोबाइलवर ॲप घालून दिलं. प्रेमाने दिलं, त्याला नावं ठेवत नाही. पण वडिलांनी कोणाच्या तरी माडीवर बसून टेपवर घेतलेली तोडी ॲपवर कुठून असणार? आणि खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की असेल तेही बंद.

सगळ्यात कहर केला तो कॉम्प्युटरवाल्याने. ‘कन्व्हर्ट करून देतो, वर आवाजही साफ करून देतो, जुनं वाटणारच नाही.’ पैसे आधी घेतले. पेन ड्राइव्ह हातात आला तेव्हा रागांची, गवयांची नावं पुसलेली, सगळीकडे ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. रागाचा संथ भाग, विलंबित, एका कोपऱ्यात, जलद भाग, द्रुत, तिसरीकडे. एमपीथ्री केलेलं, म्हणजे आवाजातलं थोडं गाळून लहान केलेलं, तेही जागा वाचवायची म्हणून १२८ वर (सेकंदाला १२८ किलोबिट; आकडा जेवढा लहान, तेवढं गाळलेलं जास्त). तेसुद्धा गिळलं असतं. पण आईने किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावायला सांगितली आणि गाडीत नुसता गळा आला. मागे तंबोराच नाही. खरखर काढताना गेला होता. ते काढणारं सॉफ्टवेअर एकसारखा चालू राहणारा आवाज शोधतं आणि तोच कचरा समजून उचलतं. आता तंबोऱ्याएवढं एकसारखं दुसरं काय वाजतं? खाँसाहेब १९३७ साली गेले, इथे आपल्या गावात मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत तंबोरे टांगलेले दिसतात, आणि त्याच गावात एका माणसाने त्यांच्या मागचा तंबोरा साफ करून दिला! मी सांगायला गेले तर म्हणाला, ‘जुनं असंच असतंय, मावशी.’

दादा, तुमच्याकडे मी वायपरचं रबर बदलायला आले होते. गाण्याचं बोलायला नव्हे. तुम्ही रबर बसवून काच तपासत होतात आणि गाडीत तो तंबोरा नसलेला खाँसाहेब चालू होता. तुम्ही थांबलात. ‘ताई, ह्यात काहीतरी कमी वाटतंय,’ म्हणालात.

तिथून पुढे तुम्ही काय काय केलंत त्याचा पाढा वाचत नाही. पेन ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने तयार केला की डेक तो ओळखतो, फाइलींसोबतची चित्रं का काढून टाकली, नावं देवनागरीत ठेवली की पडद्यावर चौकोन का उमटतात, हे ज्यांना हवं त्यांनी तुमच्याकडे येऊन विचारावं, तुम्ही सांगाल. मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

काम झालं आणि तुम्ही म्हणालात, ‘चला, ऐकून बघू.’ मी सवयीने एक जोरकस तराणा काढायला लागले. आजवर ज्याने ज्याने माझ्यासमोर डेक वाजवून दाखवला, त्याने धाडधाड वाजणारं सिनेमाचं गाणं लावलं होतं. दाराचं पॅनेल थरथरलं की ‘बघा मॅडम, काय आवाज आहे!’ तुम्ही मला थांबवलंत. ‘ते नको ताई. तुमच्याकडचं सगळ्यात हळू काय आहे, ते लावा.’

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, ‘ललत लाव. माडीवरचा.’ तो बैठकीतला आलाप आहे. टेप गवयापासून लांब ठेवलेला, गळा तंबोऱ्याच्या जेमतेम वर. घरीसुद्धा पंखा बंद करून ऐकायचा. तुम्ही चिंधीला हात पुसले, मागच्या सीटवर बसलात, काचा लावायला सांगितल्यात, इंजिन चालू, एसी दोनवर. आणि डोळे मिटून ऐकलंत. बोटांना फेविकॉल वाळलेला होता, ती बोटं गुडघ्यावर उताणी. मधे तुमचा फोन वाजला, तो बघितलासुद्धा नाहीत, दाबून टाकलात. बाहेर एकजण रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी खोळंबला होता, त्याने काचेवर टकटक केलं. तुम्ही काच दोन बोटं खाली घेऊन म्हणालात, ‘पाच मिनिटं थांबा, ऐकतोय.’

‘ऐकतोय’. ‘काम चालू आहे’ असं म्हणाला असतात तरी चाललं असतं.

मग म्हणालात, उभ्या गाडीत कळायचं नाही, पंढरपूर रोडला घ्या. घेतली. खडबडीत पट्टा आला तसं तुम्ही बोट वर केलंत. ‘इथं गेला तंबोरा. गळा आहे, तंबोरा गेला.’ आई चकित. मी विचारलं, तुम्ही हे ऐकता का? तर म्हणालात, ‘मला ह्यातलं काय कळत नाही ताई. पण ऐकू येतंय का नाही, तेवढं कळतं.’

दादा, तेवढंच कोणाला कळत नव्हतं हो. कळून घ्यायचं नव्हतं म्हणा.

परत दुकानात आल्यावर तुम्ही कॉम्प्युटरवाल्याच्या सगळ्या फाइल बाजूला काढल्यात. त्याच मोठ्या करून घेता येतील का, असं मीच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘१२८ चं ३२० केलं तर आकडा वाढेल, गाणं नाही वाढणार. साय काढलेल्या दुधाला परत साय धरत नाही. घरच्या मूळ फाइल आणा.’ मूळ फाइलना हात न लावता त्यांची नवी नक्कल केलीत, ३२० वर, खरखरीसकट. आणि खरखर ठेवायची का, हे मला नाही, आईला विचारलंत. तिने लगेच सांगितलं, ‘राहू दे. ती आमची ओळखीची आहे.’

आवाजाचं तुम्ही जे केलंत ते मला घरी गेल्यावर नीट समजलं. हळू रेकॉर्डिंग ओढून ताणून मोठी केली असती, तर आलाप आणि द्रुत एकाच पातळीवर ओरडले असते. तुम्ही उलटं केलंत. जी फार मोठी होती ती खाली आणलीत, हळू होती ती तशीच ठेवलीत. ‘मग एकदा बटण फिरवलं की झालं, दर गाण्याला हात न्यायला नको. गाडी चालवताय तुम्ही.’ गाडी चालवताय तुम्ही! साहेबांना पाठवा म्हणणाऱ्याला हे ऐकवायला हवं होतं.

आणि ती जोडणी. सीडीवर विलंबित म्हणजे बडा ख्याल आणि द्रुत म्हणजे छोटा ख्याल असे दोन तुकडे असतात. एमपीथ्री करताना प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित मोकळी जागा पडते, त्यामुळे बडा ख्याल संपून छोटा सुरू होताना तंबोरा क्षणभर तुटतो. आईच्या ते कानाला खुपायचं. ‘मधेच उचकी लागते त्याला’, असं म्हणायची. तुम्ही आधी दोन्ही तुकडे एकत्र शिवलेत, मग नक्कल केलीत. एकेक राग सलग. किती वेळ गेला असेल तुमचा, मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगितलं नसतंत.

क्रमाचंही तसंच. आपला डेक नावाचा क्रम मानत नाही, जी फाइल आधी भरली ती आधी वाजवतो. दुसऱ्या कोणी ‘डेकच तसा आहे’ म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही आईला विचारलंत, ‘मावशी, निघता किती वाजता?’ पहाटे, ती म्हणाली. मग वहीत तिच्याकडून उतरवून घेतलंत. निघताना ललत, भैरव, रामकली. कराडच्या पुढे तोडी. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर सारंग, मग भीमपलास. संध्याकाळी परतताना मारवा, मग यमन. आणि ह्याच क्रमाने एकेक फोल्डर भरलंत. ३२ जीबीचा साधा पेन ड्राइव्ह, त्यात दोनशे तासांहून जास्त गाणं मावतं म्हणालात. ते वहीचं पान तुम्ही फाडून आईला दिलंत, मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून, कारण तिला बारीक दिसत नाही. ते डॅशबोर्डच्या खणात आहे.

हुशारी आजकाल पैशाला पासरी मिळते, दादा. मला भेटलेला प्रत्येकजण हुशार होता, कॉम्प्युटरवाला तर फारच. पण समोरच्याला नेमकं काय पाहिजे हे विचारायला जो अर्धा मिनिट लागतो, तो कोणाकडे नव्हता. ज्यांच्याकडे असतो ती माणसं बहुतेक वेळा कुठल्या तरी भलत्याच दुकानात सापडतात. आमच्या औषधांच्या दुकानातला एक मुलगा आहे, तो आईच्या थेंबांच्या बाटल्यांवर न सांगता मार्करने ठळक ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ लिहून देतो. त्याचे आभार मानले तर तो लाजून कपाटामागे जातो. तुमची आणि त्याची गाठ घालून द्यायला हवी, एकमेकांसमोर दोघं काय करतील ते बघायचंय.

मागच्या खेपेला पेठनाक्यापर्यंत आई काही बोलली नाही. मला वाटलं झोपली. मग एकदम म्हणाली, ‘हा पेटीवाला फार आगाऊ आहे. गवयाच्या पुढे पळतोय.’ इतकी वर्षं ते रेकॉर्डिंग घरात आहे, हे तिने आधी कधी म्हटलं नव्हतं. पुढे साताऱ्यापर्यंत त्या पेटीवाल्याचा उद्धार चालू होता. मी इतकी खूश होते की टोलनाका कधी मागे गेला ते कळलंच नाही.

पैशाचं बाकी आहे. तुम्ही पेन ड्राइव्हचे आणि वायपरच्या रबराचे घेतलेत आणि बाकीच्याला ‘बघू की’ म्हणालात. हे चालणार नाही. दिवाळीनंतर गाडीला सीट कव्हर घालायचीच आहेत, ती तुमच्याकडेच घालणार, आणि त्या बिलात तुम्ही कमी लावलंत तर आई स्वतः येऊन भांडेल. ती भांडायला दहा माणसांना भारी आहे.

तुमची,
वायपरवाल्या ताई

ता. क. दुपारच्या फोल्डरमध्ये भीमपलास दोनदा आलाय. आई म्हणते राहू दे, त्यामुळे त्याला हात लावू नका.