पाळणाघराचा शोध आणि घराची माहिती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरदार पालकांचा पाळणाघराचा किंवा घरी येऊन मूल सांभाळणाऱ्या ताईंचा शोध हल्ली बहुधा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू होतो. तिथे पडणारे निरोप एकाच साच्याचे असतात: मुलीचे नाव, तिचे वय, विंग आणि मजला, आई-वडील सकाळी किती वाजता निघतात आणि रात्री किती वाजता परततात, मधल्या वेळात घरी फक्त आजी असते, आणि खाली मुलीचा हसरा फोटो. घरावर पाळत ठेवणाऱ्या माणसाला जे कळायला कित्येक दिवस लागले असते, ते आपण शे-दोनशे अनोळखी माणसांना एका निरोपात सांगून टाकतो. या ग्रुपमध्ये भाडेकरार संपवून केव्हाच निघून गेलेले लोक असतात, एजंट असतात, आणि निरोप पुढे पाठवायला कोणाची परवानगीही लागत नाही. पालकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. अडचण तातडीची असते, रजा संपलेली असते आणि ‘सगळे सांगितले तरच चांगले माणूस मिळेल’ अशी समजूत असते. ही समजूत तपासून पाहण्याची गरज आहे, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे असे की, मूल विश्वासाने सोपवायचे तर चौकशी ज्याच्याकडे सोपवायचे त्याची व्हायला हवी. प्रत्यक्षात पालकांची सगळी माहिती उघड्यावर येते आणि पाळणाघराविषयी मात्र ‘खूप छान आहेत, माझ्या नणंदेची मुलं जायची’ एवढ्या एका वाक्यावर निर्णय होतो. खरे तर सुरुवातीला परिसर, वेळेची साधारण गरज आणि मुलाचा वयोगट एवढे सांगून भागते. नाव, इमारत, फोटो आणि घर कोणत्या वेळेत रिकामे असते, यांतले काहीही पहिल्या निरोपात लागत नाही. पहिले बोलणे फोनवर, पहिली भेट शक्यतो त्या पाळणाघरातच, आणि घराचा पत्ता मन बऱ्यापैकी ठरल्यावर, असा क्रम ठेवला तर कोणाचेही नुकसान होत नाही. पूर्वी तिथे जाणाऱ्या पण आता न जाणाऱ्या मुलांच्या पालकांशी जरूर बोलावे, कारण सध्याचे पालक मोकळेपणाने बोलतातच असे नाही. दुपारी जेवणाच्या किंवा झोपेच्या वेळी न कळवता जाऊन यावे. ज्या पाळणाघराला पालकांचे अवेळी येणे चालत नाही, त्याची जाहिरात कितीही गोड असली तरी तिथे मूल ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माहिती जपणे म्हणजे ती लपवणे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तापात झटके येतात, कोणते औषध किती द्यायचे, हे सांभाळणाऱ्या व्यक्तीला लेखी आणि नीट समजावून दिलेच पाहिजे. तिथे संकोच जिवावर बेतू शकतो. मुलाला घ्यायला कोण कोण येऊ शकते, हेही लिहून द्यावे आणि अचानक दुसरे कोणी येणार असेल तर एक ठरलेला शब्द विचारण्याची पद्धत ठेवावी. पण हेच तपशील पाळणाघराच्या पालक-ग्रुपवर टाकण्याचे काहीच कारण नाही. ‘आज आरोहीला तिचे काका घेऊन जातील’ हा निरोप बाईंच्या फोनवर जायला हवा. तो तीस घरांत वाचला जाण्याची गरज नसते.

आता कॅमेऱ्यांविषयी. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली आणि राज्यभर संताप उसळला. कॅमेरा नसता तर पुरावा मिळणे कठीण गेले असते, हे मान्यच आहे. पण मारहाण कॅमेऱ्यामुळे थांबली नाही. ती नंतर दिसली. शिवाय ते चित्रीकरण वाहिन्यांवरून आणि फोनांवरून दिवसेंदिवस फिरत राहिले. तेव्हापासून ‘आमच्याकडे लाइव्ह कॅमेरा आहे’ हे पाळणाघरांचे मोठे आकर्षण झाले आहे. अनेक ठिकाणी सगळ्या पालकांना एकच पासवर्ड दिलेला असतो. म्हणजे कोणाच्या तरी घरातला कोणीही माणूस आपल्या फोनवर बाकी सगळ्यांची मुले पाहू शकतो, त्यांचे कपडे बदलतानासुद्धा. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांच्या तपासणीचे चित्रीकरण बाहेर पडून विकले गेल्याचे उघड झाले आणि त्या तपासात महाराष्ट्रातूनही अटक झाली. सुरक्षेसाठी लावलेला कॅमेरा इंटरनेटला जोडलेला आहे आणि त्याचा पासवर्ड कोणी बदललेला नाही, एवढी फट अशा चोरीला पुरते. म्हणून पालकांनी ‘कॅमेरा आहे का’ या प्रश्नावर थांबू नये. चित्रीकरण कुठे साठते, किती दिवस राहते, कोण पाहू शकते, स्वच्छतागृहाकडे आणि कपडे बदलण्याच्या जागेकडे कॅमेरा वळलेला नाही ना, हे विचारावे. चित्रीकरण जागेवरच बंदिस्त ठेवणे आणि तक्रार आल्यास पालकांसमक्ष पाहणे, हा मला लाइव्ह दर्शनापेक्षा शहाणपणाचा मार्ग वाटतो.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मात्र त्यातील बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेणे, मुलांवर पाळत न ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती न दाखवणे ही बंधने त्यात आहेत, आणि मुलांविषयीच्या जबाबदाऱ्या मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पाळणाघरांना यातून सवलत दिली आहे, पण ती ताब्यातील मुलांच्या सुरक्षिततेसाठी लक्ष ठेवण्यापुरतीच. ‘आमची छोटी फुलपाखरे’ म्हणून मुलांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकून पुढच्या वर्षीचे प्रवेश मिळवणे हे सुरक्षिततेत बसत नाही. प्रवेशअर्जातल्या बारीक अक्षरांत फोटोची परवानगी आधीच घेतलेली असते; ती ओळ खोडून सही करायला पालकांनी कचरू नये. मूल तिथून काढल्यावर फोटो आणि कागद नष्ट करायला सांगण्याचाही त्यांना हक्क असायला हवा. त्या हक्काला या कायद्यात आधार आहे, पण तो डिजिटल स्वरूपातील माहितीपुरता. कपाटात पडून असलेल्या आधारच्या झेरॉक्स प्रतींना हा कायदा लागू होत नाही, म्हणून त्या देतानाच शेवटचे चारच अंक दिसणारी आधारची प्रत द्यावी.

एक बाजू नेहमी सुटते, ती सांभाळणाऱ्या बाईंची. पडताळणीच्या नावाखाली तिचे आधार कार्ड, फोटो आणि गावचा पत्ता ग्रुपवर टाकला जातो, आणि पुढे पगारावरून खटका उडाला की त्याच फोटोखाली ‘हिला कामावर ठेवू नका’ असे लिहिले जाते. चौकशी नाही, तिची बाजू ऐकणे नाही. आपल्या मुलाचा फोटो पसरला तर आपल्याला राग येतो. तिच्याही घरी मुले असतात. तिची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र मागावे, तिच्या आधीच्या मालकिणींना फोन करावा. पडताळणीला एवढे पुरेसे आहे.

तरीही सगळे ओझे पालकांच्या हुशारीवर टाकून चालणार नाही. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि त्यासाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण शहरांतील बहुसंख्य मुले ज्या घरगुती पाळणाघरांत वाढतात, त्यांच्याकडे फार तर दुकाने व आस्थापना कायद्याखालचा एक कागद असतो, आणि तो मुलांच्या सुरक्षिततेबद्दल काहीच सांगत नाही. रस्त्यावरच्या वडापावच्या गाडीलाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, मग दिवसाचे नऊ-दहा तास मुले सांभाळणाऱ्या जागेची साधी नोंद का नसावी? महापालिकांच्या महिला व बालकल्याण विभागांनी प्रभागनिहाय अशी नोंद ठेवावी आणि पालकांना ती पाहता यावी. पाळणाघराचे ठिकाण, किती मुलांची सोय आहे, शेवटची तपासणी कधी झाली, काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे की नाही, एवढेच त्यात असावे. मुलांची नावे, फोटो किंवा बायकांची कागदपत्रे त्यात मुळीच नसावीत.

हे करताना एक भान ठेवावे लागेल. दोन खोल्यांच्या घरात चार-पाच मुले सांभाळून संसाराला हातभार लावणाऱ्या असंख्य बायका आहेत. त्यांना शुल्क, परवाने आणि निरीक्षकांच्या फेऱ्यांत अडकवले तर त्या काम सोडणार नाहीत, फक्त पाटी उतरवतील, आणि तपासणी आणखीच अवघड होईल. त्यासाठी नोंदणी विनाशुल्क असावी, अर्ज एका पानाचा असावा आणि पहिल्या तपासणीत त्रुटी आढळल्यास त्या दुरुस्त करायला मुदत मिळावी. अंगणवाडी सेविकांवर हे काम लादू नये. त्यांच्याकडे आधीच पुरेसे आहे. प्रभाग कार्यालयात त्यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमावा लागेल आणि त्याची तरतूद महापालिकेच्या अर्थसंकल्पात दिसली पाहिजे.

आपली,
एक नोकरदार आई, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)