आईच्या बांगडीतली गोळी

कोल्हापूर, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

आठ महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी, पाठ तेवढी कुरकुरते.

आईची काळी बांगडी उघडली रे. हो, तीच, जिच्यावरून तू रंकाळ्यावर 'ही चोरी आहे' म्हणून ओरडलास आणि वर भेळेचे पैसे मलाच द्यायला लावलेस.

ऑटो क्युन्झली या स्विस दागिने-कलाकाराची 1980 ची बांगडी तुला ऐकवून ऐकवून मी तुझे कान किटवले होते. काळ्या रबराची नळी, आत सोन्याची गोळी, वरून नुसता फुगवटा. सोनं आहे का ते कापल्याशिवाय दिसत नाही, आणि कापली की बांगडी गेली. त्यानंच 48 वापरलेल्या लग्नाच्या अंगठ्यांची साखळी केली; तिचा फोटो दाखवून मी लोकांच्या सोन्यातल्या आठवणींवर भाषणं ठोकायचो. तशीच बांगडी आईला करायला घेतली, तिनं पाटलीतलं तोळाभर सोनं दिलं, ते मोडून म्युनिकचं तिकीट काढताना भाषण कुठं गेलं होतं देव जाणे. नळीत गेलं पितळ.

तीन वर्षांत रबर तडकलं. आईनं मला न विचारता ती दादाकडं टाकली. हातात घेताच त्याला कळलं असणार. तोळ्याच्या गोळीएवढी पितळेची गोळी निम्म्या वजनाचीही भरत नाही, आणि हा माणूस सात वर्षांचा असल्यापासून सराफांच्या गुजरीत तराजूशेजारी बसलेला!

काल आई हात पुढं करून म्हणाली, "बघ, दादानं दुरुस्त केली. आता कशी भरीव लागते." जोडावर चिकटद्रव्याचा ओघळ, नखानं खरवडलेला. मी हातात घेतली. तोळाभर.

जेवताना विषय काढला, तर दादा म्हणतो, "रबराला डाख लागत नाही. म्युनिकला शिकवलं नाही का?" आणि ताक मागितलं.

आईला सांगावं तर दादाचं केलेलं पाण्यात. न सांगावं तर रोज वाढायला येते तेव्हा ती बांगडी माझ्या ताटावर हलते. त्यात मुंबईच्या एका गॅलरीला नेमकी हीच प्रदर्शनात हवीय. दहा वर्षांत सहा ब्रूच विकले मी, आणि मागणी आली ती हिला! खाली नाव कुणाचं घालू? (तुझं घालतो, भेळेचे पैसे फिटतील.)

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिंगीला दहावीबद्दल शाबासकी सांग, पेन पाठवतोय.

दादाचे पैसे द्यायचेत. तो आजचा भाव लावेल की तेव्हाचा, हे विचारायची माझी छाती नाही. तू फोन करून बघ ना. तुझ्याशी तो हसून बोलतो.

तुझा,
बंड्या